कुसुमचं मिश्र वाक्य

प्रशांतचा फोन आला तेव्हा मी भंडाऱ्याच्या बसस्थानकाबाहेर ऑटोत बसत होते. मांडीवर भाजीची पिशवी होती. तो म्हणाला, "मावशी, आई गेली." एवढं बोलून तो थांबला. थोड्या वेळानं एकेक तुकडा येत गेला… सकाळी, चहा झाल्यावर, खुर्चीत बसल्या जागी. अशा वेळी वाक्यरचनेचा विचार मनात येणं बरं दिसत नाही, पण तो आला हे खरं आहे. कुसुमनं आयुष्यभर इंग्रजी शिकवली आणि मी मराठी. एकाच स्टाफरूममध्ये, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून आम्ही वाक्यं मोडली आणि जोडली. मुख्य वाक्य आधी येतं, कधी, कुठे, कसं हे मागून येतं, हे ती फळ्यावर लिहायची. ते त्या दिवशी मी कानांनी ऐकलं, तिच्याच मुलाच्या तोंडून.

आमची ओळख नाकाडोंगरीजवळच्या एका शाळेतली. दोघीही तिथं नव्यानं रुजू झालो होतो आणि एकाच घरात शेजारशेजारच्या खोल्यांत भाड्यानं राहत होतो. ती पवनी तालुक्यातल्या कोंढ्याची. वडील दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत मजुरीला जात, आई घरी बिड्या वळायची. घराण्यात कॉलेजात गेलेली ती पहिलीच, आणि त्यातही इंग्रजी घेऊन गेलेली. याचा तिला अभिमान होता, पण ती तो बोलून दाखवत नसे. उंच, सडपातळ, आवाज जरा जाड. स्टाफरूममध्ये प्रमाण मराठी बोलायची आणि वर्गात मात्र सरळ इकडची बोली. इंग्रजीच्या तासाला इंग्रजी नाही तर नाही, निदान शुद्ध मराठी तरी बोला, असं हेडमास्तरांनी तिला एकदा सुचवलं होतं. तिनं त्यांना शांतपणे सांगितलं की सर, पोरी ज्या भाषेत विचार करतात तिथून मला त्यांना उचलून आणायचं आहे, आणि त्यासाठी मला तिथवर जावं लागतं. हेडमास्तर भले होते. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

तिचा आवडता धडा म्हणजे क्लॉज. पुढे परीक्षेतून क्लॉज ओळखण्याचा प्रश्न जवळजवळ नाहीसाच झाला, तरी तिनं तो धडा सोडला नाही. वाक्याच्या आत लहान वाक्य असतं, त्यालाही स्वतःचा कर्ता आणि स्वतःचं क्रियापद असतं, पण ते एकटं उभं राहू शकत नाही, हे पोरींना कळलं की निम्मी इंग्रजी कळली, असं ती मानायची. ती वर्गात म्हणायची, "बिकॉज इट वॉज रेनिंग…" आणि गप्प बसायची. पोरी बघत राहायच्या. मग कोणीतरी न राहवून विचारायची, "मंग, मॅडम?" ती म्हणायची, "हे 'मंग' तुमच्या तोंडून निघालं ना, म्हणजे वाक्य पुरं झालं नाही. आयकणारा वाट पाहून राहिला." एवढ्यात तिचा अर्धा धडा होऊन जायचा.

प्रकार ओळखायला तिनं एक साधी रीत काढली होती. मुख्य वाक्याला प्रश्न विचारा. त्यानं सांगितलं. काय सांगितलं? की तो आजारी आहे. 'काय'चं उत्तर आलं तर ते नामाचं काम करतं. माणूस. कोणता माणूस? उत्तर आलं तर ते विशेषणाचं. तो आला नाही. काहून नाही आला, कधी नाही आला, काय झालं असतं तर आला असता? हे सगळं क्रियाविशेषणाचं. पोरी 'व्हेन' दिसला की डोळे मिटून क्रियाविशेषण लिहायच्या. तेव्हा ती दोन वाक्यं लिहायची. तो आला तेव्हा मी निघाले. तो कधी आला ते मला ठाऊक आहे. इंग्रजीत दोन्हींकडे एकच शब्द, एकच तुकडा. एका ठिकाणी तो निघण्याची वेळ सांगतो आणि दुसऱ्या ठिकाणी मला काय ठाऊक आहे ते. "शब्दाच्या तोंडाकडे पाहू नका," ती सांगायची, "तो तिथं काम काय करून राहिला ते पाहा."

सगळ्यात जास्त अडायचं ते 'हू' वर. काल आलेला माणूस माझा मामा आहे, याचं इंग्रजी करायला सांगितलं की माणूस एकीकडे आणि मामा दुसरीकडे पडायचा. एका दुपारी ती स्टाफरूममध्ये आली ती हसतच. मधल्या सुट्टीत एक पोरगी मैत्रिणीला सांगत होती, "काल आलता नाही का, तो माणूस माहा मामा होय." कुसुम मला म्हणाली की वंदना, यांच्या बोलण्यात 'हू केम येस्टरडे' आहेच की, फक्त ते आधी येतं आणि माणूस मागून. दुसऱ्या दिवशी तिनं तेच वाक्य पोरीच्या बोलीत फळ्यावर लिहिलं, त्याखाली इंग्रजी लिहिलं आणि बाण काढून तुकडे जुळवले. 'द मॅन हू केम येस्टरडे इज माय अंकल.' त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक वर्षी, प्रत्येक तुकडीला तिनं हेच वाक्य दिलं. मी त्याच आठवड्यात मराठीत मिश्र वाक्य घेत असे. आमचं तसं ठरलेलंच होतं. मुलींना एकच गोष्ट दोन्हींकडून ऐकू यायची.

तिचं लग्न, प्रशांतचा जन्म, आम्हा दोघींची भंडाऱ्याला एकाच शाळेत झालेली बदली, तिथं तिनं बांधलेलं लहानसं घर… यात वेगळं सांगण्यासारखं फारसं नाही. नवरा तहसील कार्यालयात होता. शांत माणूस. प्रशांत लहान असताना ती स्वयंपाक करता करता त्याला अर्धं वाक्य द्यायची आणि तो ते पुरं करायचा. "मी शाळेत गेलो नाही, काहून का…" "काहून का माह्या चपला मांजरीनं नेल्या." मायलेक हसत सुटायचे. पोरगा हुशार होता आणि त्याहून जास्त चपळ. समोरचा तोंड उघडतो न उघडतो तोच याचं उत्तर तयार. पुढे तो इंजिनिअर झाला, पुण्याला गेला, तिथंच स्नेहलशी लग्न केलं, एक मुलगी झाली. नवरा गेल्यानंतर कुसुम भंडाऱ्याच्या घरात एकटी राहू लागली. घरकामाला आणि सोबतीला शेजारची रेखा होती. दोन गल्ल्या सोडून मी.

मग तिला लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढू लागला आणि बोलणं बंद झालं. नागपूरला दवाखान्यात होती तेव्हा मी भेटायला गेले. तिनं मला ओळखलं हे डोळ्यांवरून कळत होतं. प्रशांत पलंगाच्या कडेला बसून विचारत होता, आई, काय पाहिजे, पाणी पाहिजे का? कितीतरी वेळ तिनं ओठ हलवले आणि मग एकदम, स्वच्छ, वर्गातल्या आवाजात ती म्हणाली, "द मॅन हू केम येस्टरडे इज माय अंकल." शेजारच्या खाटेवरच्या बाई चमकून बघायला लागल्या. प्रशांतला रडू आलं. कुसुमला स्वतःलाच कळत होतं की आपल्याला हे म्हणायचं नव्हतं. तिनं मान वळवून घेतली. डॉक्टरांनी नंतर समजावलं की समज शाबूत आहे, पण शब्द जोडण्याची जागा दुखावली आहे. वर्षानुवर्षं पाठ असलेलं असं अख्खंच्या अख्खं बाहेर येऊ शकतं, नवीन वाक्य मात्र तिला एकेक विटेनं रचावं लागेल. शब्द हळूहळू येतील, जोडणारे शब्द सगळ्यात शेवटी. ते आलेच नाहीत तरी नवल मानू नका.

घरी आल्यावर तसंच झालं. आधी 'पाणी', 'नको', 'रेखा'. मग दोन-दोन शब्दांची वाक्यं. "दार लाव." "डाळ खारट." "चहा नाही." दोन-तीन महिन्यांत रेखा माझ्याकडे आली आणि पडेल आवाजात म्हणाली की मॅडम लय कडक झाल्या, दिवसभर हुकूम सोडून राहिल्या. मला त्याचं उत्तर सापडायला वेळ लागला. पूर्वीची कुसुम म्हणायची, तुले वेळ असन तं दार लावशीन का, हवा येऊन राहिली. आता त्यातलं 'दार लाव' एवढंच उरलं होतं. माणसाचा मवाळपणा, संकोच, दुसऱ्याची काळजी बहुतेक गौण वाक्यांत राहते, हे इतकी वर्षं व्याकरण शिकवूनही माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मी रेखाला समजावलं. तिला ते कितपत पटलं सांगता येत नाही, पण त्यानंतर ती दार लावताना स्वतःच म्हणायची, "हवा येऊन राहिली ना, मॅडम?" कुसुम मान हलवायची.

प्रशांतच्या बाबतीत ते इतकं सोपं नव्हतं. तिला पुण्याला न्यायचं त्यानं ठरवलं होतं. ते रास्तच होतं. दवाखाने तिथं, नातही तिथं. तो न्यायला आला तेव्हा मी तिथंच होते. कुसुम म्हणाली, "मी येत नाही." त्यानं हजार गोष्टी सांगितल्या. ती म्हणाली, "तू जा." आणखी काही तरी सांगायला तिचं तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात तोच म्हणाला, "ठीक आहे, तुले नाही यायचं, समजलं." आणि तो मागच्या अंगणात निघून गेला. मी गेले तेव्हा तो पेरूच्या झाडाखाली उभा होता. मला म्हणाला, "मावशी, तिले माहा राग आहे. बाबा गेले आन मी तिले एकटी ठेवलं म्हणून." तिनं 'म्हणून' म्हटलंच नव्हतं. ते त्यानं आपल्या मनातून जोडलं होतं आणि त्यावर त्याचा पक्का विश्वास बसला होता. दुसऱ्या दिवशी तो एकटाच परत गेला.

मी रोज दुपारी तिच्याकडे जाऊ लागले. तिनं पोरींना जसं दिलं तसं मी तिला अर्धं वाक्य द्यायची. "मी पुण्याला जात नाही, कारण…" आणि थांबायची. ती प्रयत्न करायची, कपाळावर घाम यायचा, शब्द येत नसे. मग मी कारणं सुचवायची. घर सोडवत नाही? नाही. प्रशांतचा राग आहे? नाही… हे 'नाही' मोठ्यानं यायचं आणि त्यासोबत डावा हात टेबलावर आपटायचा. सून? नाही. हवा, पाणी, माणसं? 'माणसं' म्हटल्यावर तिनं मान अर्धी हलवली, होय आणि नाहीच्या मध्ये कुठंतरी. त्यापुढे आम्ही कितीतरी दिवस गेलो नाही.

मग एका दुपारी प्रशांतचा व्हिडिओ कॉल आला. कुसुमनं सुरुवात केली, "आज डॉक्टर…" तिकडून तो म्हणाला, "आले होते? काय म्हणाले? गोळी बदलली का? रेखाला फोन दे." त्यात काळजीच होती, दुसरं काही नव्हतं. कुसुमनं डोळे मिटले आणि फोन माझ्या हातात दिला. कॉल संपवून मी फोन खाली ठेवला. मग ती एकेक शब्द ठेवत म्हणाली, "तो… पुरं… करते." मी थांबले. "इथं… रेखा थांबते. तू… थांबते." आणखी बराच वेळ गेल्यावर शेवटचे दोन शब्द आले. "तिथं… मुकी."

मला तेव्हा तिच्या जुन्या स्वयंपाकघरातला तो खेळ आठवला. आईचं वाक्य पुरं करायची सवय तिनंच त्याला लावली होती, आणि ती त्यानं प्रेमानं सांभाळली होती. मी म्हटलं, मीच त्याला फोन करून हे सांगते, पाच मिनिटांचं काम आहे. कुसुमनं बोट आपल्या छातीवर ठेवलं. "मी," ती म्हणाली.

तो सगळा उन्हाळा आणि त्यानंतरचा पावसाळा आम्ही एका वाक्यावर घालवला. आधी ती म्हणायची, "तू थांब. मी येईन." मला ते पुरेसं वाटलं. अर्थ स्पष्ट होता, प्रशांतला कळला असता. तिनं मान हलवली. "हुकूम," ती म्हणाली. दोन सुटी वाक्यं शेजारी ठेवली की पहिलं आज्ञा होतं आणि दुसरं नुसतं आश्वासन. तिला मुलाला आज्ञा करायची नव्हती. तिला अट घालायची होती, आणि ती मानायची की नाही हे त्याच्यावर सोडायचं होतं. त्यासाठी तिला 'तर' हवा होता. एवढासा शब्द, पण तो काही केल्या येईना. एकटा आला तरी वाक्यात बसेना. नागपूरच्या स्पीच थेरपिस्टनं सांगितलं होतं की डाव्या हातानं ताल धरून पाहा. ती पहिल्या अर्ध्याला एक थाप द्यायची, मग हात वर धरून ठेवायची, आणि दुसऱ्या अर्ध्याला तो खाली आणायची. अधांतरी धरलेल्या त्या हाताच्या जागी एक दिवस 'तं' आला. तिच्या लहानपणचा, कोंढ्याचा 'तं'. शाळेतला 'तर' नव्हे.

दसऱ्याच्या सुट्टीत प्रशांत आला. या वेळी त्यानं पुण्याचा विषयच काढला नाही. तो जरा दुरूनच वागत होता, औषधांची चौकशी करत होता, गळका नळ दुरुस्त करत होता. दुपारी कुसुमनं त्याला समोरच्या खुर्चीत बसायला खुणावलं. मी उठू लागले, तर तिनं मला बसवलं. ती म्हणाली, "माहं…" तो म्हणाला, "औषध? चष्मा?" तिनं डावा हात वर केला. तो गप्प झाला. आत कुकरची शिट्टी झाली, रेखानं गॅस बंद केला. त्याला ते थांबणं सोसत नव्हतं हे दिसत होतं. त्याचे ओठ हलत होते, तो आपल्या हातांकडे बघत होता, पण बोलला नाही. मग ते वाक्य आलं, मध्ये मध्ये थांबत, पण सगळंच्या सगळं.

"माहं बोलणं होयेपर्यंत… तू थांबशीन… तं मी येईन."

एका मुख्य वाक्याला दोन गौण वाक्यं, दोन्ही क्रियाविशेषणाची. एक वेळेचं, एक अटीचं. मी मनात मोजलं, आणि तीही मोजत असावी असं मला वाटलं, कारण तिनं माझ्याकडे पाहिलं ते वही तपासून झाल्यावर पाहावं तसं. प्रशांतला ते समजलं नाही असं मला क्षणभर वाटलं. मग तो म्हणाला, "थांबीन." बाकी काही नाही. कुसुम म्हणाली, "तं चाल."

ती पुण्याला गेली. तिथून दुपारी तिचा फोन यायचा. त्यात बोलण्यापेक्षा शांतताच जास्त असायची. तिचं बोलणं आणखी सुधारत गेलं. 'कारण' आला, 'म्हणून' आला. 'जरी' कधीच आला नाही. तिथं तिनं 'पण'वर भागवलं. प्रशांत दर वेळी थांबायचाच असं नाही. घाईत असला की जुनी सवय उसळी घ्यायची, मग ती हात वर करायची. नातीला तर तो खेळच वाटायचा, असं स्नेहलनं सांगितलं. जेवताना आजीनं हात वर केला की तीही हात वर करून बसायची. कुसुम एकदा मला म्हणाली की इथं बरं आहे. मग बऱ्याच वेळानं, "पण तू नाही." तिच्या आवाजात खंत नव्हती. जे आहे ते तिनं सांगितलं.

ती गेली त्याला आता काही आठवडे झाले. बौद्ध रीतीचा पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम कोंढ्याला झाला. तिच्या हाताखालून गेलेल्या बऱ्याच जणी आल्या होत्या. काही आता स्वतः शिक्षिका आहेत. एक-दोघींनी भाषणं केली. ती चांगली होती, जराशी लांब. मग आम्ही घरचेच तेवढे भंडाऱ्याला परत आलो. प्रशांत, स्नेहल, त्यांची मुलगी, रेखा आणि मी. घर बरेच महिने बंद होतं. रेखानं चूल पेटवावी तशी लगबगीनं स्वयंपाकघर सुरू केलं, भात टाकला, वरण केलं. पानं घेतली. वाढता वाढता तिनं भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं, तेव्हा स्नेहल सहज म्हणाली, "आई म्हणायच्या की भात उतरवल्यावर लगेच झाकण काढायचं नाही, कारण…"

तिथं ती अडली. कारण काय ते तिला आठवेना. रेखा झाकण हातात धरून उभी राहिली. स्नेहल पातेल्याकडे बघत आठवत होती. प्रशांतचा घास हातातच होता. त्याला ते कारण ठाऊक असणार. याच घरात, याच स्वयंपाकघरात तो लहानाचा मोठा झाला होता. तो काही बोलला नाही. पोरगीही बोलली नाही. भाताची वाफ वर जात होती आणि आम्ही सगळे स्नेहलच्या बोलण्याची वाट बघत बसलो.